तिसऱ्या डब्यातल्या चौदा चुका

पडलेल्या पिक्चरांवर माझा जीव आहे, ही गोष्ट मी चाळिशी येईपर्यंत कुणाला कळू दिली नाही. आज सांगून टाकतो. जो पिक्चर आठवड्यात लागला आणि आठवड्यात उतरला, पेपरवाल्यांनी ज्याला चार ओळींत झोडपलं, असा पिक्चर दिसला की माझे पाय आपोआप तिकिटाच्या खिडकीकडे वळतात. त्यातलं वाईट मला दिसत नाही असं मुळीच नाही. माझ्याइतकं ते कुणाला दिसत नसेल. चुका शोधणं हीच माझी नोकरी.

पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. मशिनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, माझ्या टेबलावर येतो, मी तो मापतो आणि ठरवतो: पास, दुरुस्तीसाठी रिवर्क की रिजेक्ट. रिजेक्टवर लाल ठिपका. इतकी वर्षं हे केल्यावर डोळ्यांना खोडच लागते. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीच्या आधी मला मांडवाचा वाकडा खांब दिसतो.

आमच्या कामात एक चौथा प्रकारही असतो, डेव्हिएशन. जॉब ड्रॉइंगप्रमाणे उतरलेला नसतो, पण जिथे बसायचा तिथे बसतो आणि काम चोख करतो. मग कुणीतरी कागदावर सही करतो, की यातला फरक मला माहीत आहे आणि तरीही मी हा जॉब घेतोय. त्या सहीला धीर लागतो. माझ्याकडे तो बरीच वर्षं नव्हता. त्याचीच ही हकीकत.

सत्तर सालानंतरची ती पाच-सात वर्षं. आमची सुट्टी रविवारी नसे, गुरुवारी असे. महिन्यातून एका गुरुवारी वेल्फेअर कमिटी कॅन्टीनमध्ये पिक्चर दाखवायची. कंपनीने एक लहान प्रोजेक्टर घेतला होता, तो मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन चालवायचा. भिंतीवर पांढरी चादर, पुढे सतरंज्या, एका बाजूला बायका-मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. संत तुकाराम नगरातून आम्ही सगळे सहकुटुंब चालत यायचो. कुणी काळेवाडी-रहाटणीहून सायकलवर डबलसीट यायचं. खिडक्यांना गोणपाटं लावली की भर दुपारी कॅन्टीनमध्ये अंधार व्हायचा आणि आमटीच्या वासात पिक्चर सुरू व्हायचा.

अडचण वेळेची होती. भट्टी खात्याला सुट्टी नसे. त्यांची दुपारची जेवणं दीड वाजता आटोपायची आणि साडेतीनला त्यांना चहा लागायचा. मधल्या दोन तासांत पिक्चर बसवायचा. पिक्चर यायचा पाच डब्यांत, म्हणजे पाच रिळांत, आणि तो हमखास दोन तासांहून मोठा असायचा. म्हणून एक डबा गाळायचा, असा आमचा रिवाजच पडला होता. आता कुणाला सांगितलं तर हसतील, पण आम्ही वर्षानुवर्षं चार-पंचमांश पिक्चर पाहिले आणि आनंदाने पाहिले.

कुठला डबा गाळायचा, हे मी ठरवायचो.

त्याचं असं झालं. पिक्चर संपला की कॅन्टीनबाहेर माझ्याभोवती घोळका जमायचा. "राव, आज किती रिजेक्ट निघाले?" कुणीतरी सुरुवात करायचं. आणि मी सांगायचो. आईची भूमिका करणारी बाई मुलापेक्षा लहान दिसते. बाहेर ऊन आहे आणि घरात आलेल्या पाहुण्याची छत्री ओली आहे. खून होऊन पडलेला माणूस गाण्याच्या वेळी पोट हलवतो. पोरं लोळायची हसून. मला ते फार आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. परगावाहून आलेला, कुणाशी चटकन न बोलणारा माणूस मी. या एका गोष्टीने माझी ओळख झाली. कमिटीने त्याचाच उपयोग केला. बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी, इलेक्ट्रिशियन आणि कमिटीचा सेक्रेटरी असे तिघे पिक्चर आधी पाहायचो. मी डब्याडब्याला चुकांची नोंद करायचो. ज्या डब्यात जास्त चुका, तो डबा बाहेर. नियम सोपा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

माझं दुसरं तोंड कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच चुकांनी भरलेल्या पिक्चरांत, त्याच अंधारात, मी रडू लपवायला रुमाल तोंडावर धरून बसलेला असायचो.

आता त्या एका पिक्चरविषयी. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कुणाला आठवणार नाही, आणि ज्यांनी तो काढला त्यांनी पुन्हा दुसरा काढला नाही. पुण्याला एका थिएटरात तो जेमतेम आठवडाभर होता. एका कामासाठी पुण्याला गेलो होतो, वेळ होता म्हणून शिरलो. सगळं मिळून तिसाहून कमीच माणसं असतील. पहिल्याच दृश्यात रंगवलेला चंद्र भिंतीला लावलेल्या थाळीसारखा डुगडुगला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, खिळा मारा त्याला!" मीही हसलो. गाण्यात ओठ थांबले तरी आवाज चालूच. खलनायक दारात आला की चौकट हलायची.

आणि मग ते बैलगाडीचं दृश्य आलं.

नवरा-बायकोचं बिनसलेलं आहे. सासरचे तिला नाही नाही ते बोललेत आणि तो गप्प राहिलाय. आता तोच तिला माहेरी सोडायला निघालाय. तो पुढे बसून गाडी हाकतोय, आपल्याला त्याची पाठ दिसते. ती मागे पेंढ्यावर, त्याच्याकडे पाठ करून, मागे पडणारा रस्ता पाहत बसलीय. दोघं बोलत नाहीत. संगीत नाही. फक्त चाकांची करकर आणि घुंगरं. एक मैल, दोन मैल, डोंगर सरकतोय. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. आता बोलतील, आता बोलतील असं वाटत राहतं आणि कुणी बोलत नाही. मग ती पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढते, स्वतः दोन खाते, आणि मान न वळवता मूठ खांद्यावरून मागे धरते. तिकडून एक हात येतो, न बघता. शेंगदाणे घेतो. तिच्या तोंडावर हसू फुटतं. बस, एवढंच.

मी बाहेर आलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. भांडण मिटलं हे कुणी न सांगता मला कळलं होतं! एवढ्या मोठ्या, गाजलेल्या, पैसा ओतलेल्या पिक्चरांत मी हे कधी पाहिलं नव्हतं, आणि हे करणाऱ्या माणसाला चंद्राला खिळा मारायचं सुचलं नव्हतं. बस पिंपरीला आली तरी माझी उजवी मूठ खांद्यावर होती. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

त्या आठवड्यात मी तो पिक्चर चार वेळा पाहिला. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. नंतरच्या तिन्ही खेपांना पहिली शिफ्ट करून सहाच्या खेळाला पळायचो. आणि डोळ्यांची खोड जाईना, म्हणून एका वहीत चुका टिपत गेलो. बैलगाडीच्या रिळात चौदा निघाल्या. त्यातली चौदावी अशी: सगळ्या पिक्चरभर उजव्या हाताने सगळं करणारा हिरो गाडीत बसला की डावखुरा होतो. चाबूक डाव्या हातात, शेंगदाणे घ्यायलाही डावाच हात येतो. शिवाय पाठ रुंद होते, आणि मनगटाच्या मागच्या बाजूने तो मुंडासं वर सारतो, जे त्याने आधी कधी केलेलं नाही.

कंपनीत मी अवाक्षर काढलं नाही. चुका मोजणारा माणूस चार वेळा जाऊन रडून आला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

वर्षभराने आमच्या टेबलावर ग्राइंडिंग खात्यातले एक दादा डबा खायला बसू लागले. मोशीचे. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, अंगाने आडवे, बोलणं ठसठशीत. बैलजोडी मोडून कंपनीत लागले होते. कुणीतरी पिक्चरचा विषय काढला आणि दादा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्या हाय एका पिक्चरमधी."

टेबल उसळलं.

"काय सांगता, दादा! डायलॉग बोला की मग."

"बोलायचं न्हाई, गाडी हाकायची. माजी गाडी-बैलं न्हेली हुती भाड्यानं, दोन दिस, मावळात वरच्या अंगाला. हिरोला बैलाची भीती. बैलानं मान हालवली की त्यो खाली. मग मला त्येचं मुंडासं बांधलं आन् बसावलं."

"आणि हिरॉइन कुठं होती? मांडीवर?"

"मागं. पेंढ्यावर."

"पेंढ्यावर, म्हणतात बघा! दादा, वहिनींना माहीत आहे का?"

"तिला सांगितलं. ती बी तुमच्यावानीच हासती," दादा म्हणाले. "तवा ती माहेरी हुती बाळंतपनाला. म्हनती, गाडी भाड्यानं गेली ते खरं, बाकी समदं तुमी रचलं." ते हसत नव्हते. "घरातबी कुनी खरं मानत न्हाई. पिक्चर पुन्यात आठ दिस हुता म्हनं. मला कळलं तवर उतारला."

बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताच्या मनगटाने, मागच्या बाजूने, टोपी वर सारली.

मी घास खाली ठेवला. ग्राइंडिंगवर बोटांना कायम कूलंटचं, म्हणजे जॉब थंड ठेवायचं, पांढरं पाणी असतं, म्हणून ते असं करतात असं मला वाटायचं. पण ही सवय बैलांच्या वेळची होती. पडद्यावरची ती पाठ माझ्यासमोर बसून ठेचा खात होती! मला उभं राहून ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात दादांनीच माझ्याकडे बोट केलं. "त्या इन्स्पेक्टरला इचारा की. त्येनी समदे पिक्चर बगितल्यात." आणि त्यांनी पिक्चरचं नाव सांगितलं.

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे ते खोटे ओव्हरटाइम आले, घोळका आला, माझी ओळख आली. मी म्हणालो, "असा पिक्चर मी तरी ऐकला नाही."

एवढंच वाक्य. त्या दिवसापासून दादांचं नाव ‘हिरो’ पडलं. ग्राइंडिंगला जॉब घेऊन जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय हिरो, शूटिंग कधी?" थापा मारणारा माणूस म्हणून ते ओळखले जाऊ लागले. नंतर नंतर त्यांनी सांगणंही सोडलं. आमच्या टेबलावर यायचे थांबले, मशिनपाशीच डबा खायचे. त्यांचे जॉब माझ्याकडे मापायला यायचे. शंभरात एकही वाकडा नसायचा. मी पासचा शिक्का मारायचो आणि माझा मलाच राग यायचा.

मग एका महिन्यात पिक्चर पाठवणाऱ्यांकडे आम्ही मागितलेला पिक्चर शिल्लक नव्हता. त्यांनी बदली पाठवला. सेक्रेटरीने फळ्यावर खडूने नाव लिहिलं. दुपारी तिकडून जाताना मी ते वाचलं आणि उभाच राहिलो. तेच नाव. दादा आधीच फळ्यासमोर होते. ते मला बघून म्हणाले, "आता बगा. आता इनार समदी. बायकोला आनतो, भावकीला आनतो." त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात मी न पाहिलेला उजेड होता. मलाही उड्या माराव्याशा वाटल्या, खरंच सांगतो. पडदाच सगळं सांगणार होता, मला तोंड उघडायची गरजच नव्हती.

बुधवारी आम्ही तिघं बसलो. कागद माझ्या मांडीवर. चंद्र डुगडुगला तसा इलेक्ट्रिशियन फिदीफिदी हसला. तिसरा डबा लागला, गाडी निघाली. पाचव्यांदा पाहतानाही माझ्या अंगावर काटा आला. आणि हात मात्र सवयीने टिपत राहिला. दिवे लागले तेव्हा कागदावर आकडे होते: पहिल्या डब्यात सहा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चौदा, चौथ्यात सात, पाचव्यात चार.

"हं, इन्स्पेक्टर, कुठला काढू?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

पेन्सिल माझ्याच हातात होती. चौदातला एकाचा आकडा खोडला असता तर चार राहिले असते. चौथा डबा गेला असता, ज्यात एक कोर्टाचा रटाळ प्रसंग होता आणि ज्याची कुणालाच आठवण आली नसती. मी स्वतःला सांगितलं, नियम म्हणजे नियम. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते लिहायलाच मी आज बसलोय. गाडी दिसली असती तर दादा खरे ठरले असते, आणि दादा खरे ठरले की कुणीतरी विचारलं असतं, मग हा मोठा जाणकार त्या दिवशी काय म्हणाला होता? पिक्चरमधला सगळ्यात सुंदर डबा कुठला हे मला ठाऊक होतं. तो कुणाच्या हाताने सुंदर झाला तेही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "तीन."

गुरुवारी मोशीहून एक ट्रॅक्टर-ट्रॉली भरून माणसं आली. दादांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांची बायको नऊवारीत, डोक्यावर पदर, पहिल्याच सतरंजीवर. "बगू आता तुमचं सोंग," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि बायका हसल्या. माझी बायको तिच्याच शेजारी बसली होती. मी मागे, प्रोजेक्टरजवळ. त्याचा दिवा उडाला होता, तो बदलून पिक्चर सुरू व्हायला अडीच वाजले.

पहिला डबा झाला. दुसरा झाला. दुसऱ्याच्या शेवटी पिक्चरमधली बाई गाठोडं बांधते. दादा गुडघ्यावर उठून बसले. "आता," ते म्हणाले. "आता माजी गाडी."

चौथा डबा लागला. बाई माहेरच्या अंगणात उभी.

"आली पण?" कुणीतरी म्हणालं. "उडत आली काय?"

"हिरोची गाडी पंक्चर झाली वाटतं!"

कॅन्टीन हसण्याने भरलं. दादा तसेच गुडघ्यावर होते, पडद्याकडे बघत, जणू गाडी अजून मागून येणार आहे. त्यांची बायको हसली नाही. ती खाली सतरंजीकडे बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बसा खाली." तिचा तो समजूतदार आवाज ऐकला आणि मी उठलो. तिने टोमणा मारला असता तर मी गप्प बसलो असतो.

मी प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर आलो. माझीच काळी सावली सगळ्या चादरीवर पडली. "ए, बस खाली!" चहूकडून ओरडा झाला.

"थांबवा," मी म्हणालो. "मी हा पिक्चर पाहिलाय. पुण्याला. चार वेळा. गाडी दादाच हाकतात. तिसरा डबा राहिलाय, तो लावा."

मग बायकांच्या बाजूने माझ्या बायकोचा आवाज आला, अगदी शांत. "चार वेळा? म्हणजे तो ओव्हरटाइम हाच का? तरीच शर्टाला तेलाचा वास नव्हता."

असा हशा पिकला की गोणपाटं हलली. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघत होता. डबा कुणी काढला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने काही न बोलता चौथं रीळ उतरवलं आणि तिसरं चढवलं. कॅन्टीनचे मॅनेजर ओरडू लागले, भट्टीवाल्यांचा चहा, मी टेबलं कधी लावू! "लावा की," सेक्रेटरी म्हणाला, "त्यांनाही बघू दे." त्यामुळे पुढची पंचवीस मिनिटं भट्टीची माणसं काळवंडलेल्या तोंडांनी, हातात कपबशी घेऊन, भिंतीला टेकून उभी होती.

गाडी निघाली. करकर, घुंगरं.

"माजी बैलं!" दादांची बायको एकदम म्हणाली. "ह्यो पांढरा! ह्यो तर आपलाच पांढरा!"

पाठ दिसली. पाठ कुणाचीही असू शकते. डाव्या हातात चाबूक. मागे कुजबुज झाली. मग गाडी वळणावर आली, ऊन तोंडावर आलं असावं, आणि त्या माणसाने डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूने मुंडासं वर सारलं.

सगळं ग्राइंडिंग खातं एकदम उभं राहिलं. "दादाऽऽ! अरे, दादाच आहेत!" रोज दहा वेळा पाहिलेली ती हालचाल होती, तिला पुराव्याची गरजच नव्हती. शिट्ट्या, टाळ्या, कपबश्या वाजायला लागल्या. भट्टीवाला एक जण म्हणाला, "भावा, अंगावर काटा आला बघ," आणि त्याने आधीचे दोन डबे पाहिलेही नव्हते. शेंगदाण्यांचा प्रसंग आला तेव्हा मात्र आपोआप शांतता झाली. मूठ मागे आली. डावा हात पुढे आला.

"तिच्या हातचं शेंगदानं खाल्लं व्हय?" दादांची बायको ठसक्यात म्हणाली. "हे न्हाई सांगितलं ते!"

आणि तिने पदर तोंडात धरला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

नंतर दादांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमी उभं ऱ्हायलात. न्हाईतर गेलो असतो म्या आज." सगळ्यांसमोर मला मिठी मारली. सेक्रेटरी म्हणाला, डबा चुकून राहिला असेल, होतं असं. मी मान डोलावली.

ती मान डोलावणं मला आठ दिवस खात होतं. पुढच्या गुरुवारी मी ती पुण्याच्या खेळांची वही घेतली आणि सायकलने मोशीला गेलो. दादा ओट्यावर बसले होते. बायको सुपात हरभरे निवडत होती. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगितलं. त्या दिवशी टेबलावर मी खोटं बोललो. आणि डबा चुकून राहिला नव्हता. मीच काढला होता, मला सगळं ठाऊक असताना.

सूप थांबलं होतं.

"वरीसभर मला हिरो म्हनत हुते," दादा म्हणाले. "तुमाला ठावं हुतं."

"हो."

"कशापायी काढला डबा? कारन काय लिवलं?"

"चुका जास्त होत्या. चौदा."

"चौदा?" त्यांचा आवाज चढला. "दावा. एक एक वाचून दावा."

मी वही उघडली. पहिली चूक, म्हणालो, पांढऱ्या बैलाच्या पाठीवर माइकच्या काठीची सावली पडते.

"पडनारच! त्यो मानूस सकाळधरनं काठी धरून चालत हुता. दुपारी हात खाली आला त्येचा. फुडं?"

एक कुत्रं गाडीमागे दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं.

"आमचंच कुत्रं. मोशीपासनं आलं हुतं मागनं तितवर. त्येला बांधलं, त्येनं दोरी तोडली. पुन्यांदा बांधलं, पुन्यांदा तोडली." दादा पुढे सरकले. त्यांची बायकोही सूप बाजूला ठेवून जवळ आली. "फुडं?"

बाईंच्या बांगड्या आधी हिरव्या, वळणानंतर लाल.

"चाक खड्ड्यात गेलं, फुटल्या. रगात आलं. मावळात तवा हिरव्या मिळंनात. म्हातारीच्या हातातल्या मागून आनल्या लाल."

मी वाचत गेलो आणि ते सांगत गेले. सावल्या लांबतात आणि पुन्हा आखूड होतात, तो दुसरा दिवस. डोंगर एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, कारण परतीच्या वाटेवर उरलेलं काढलं. काय सांगू मला काय होत होतं! मी लाल ठिपके लावलेल्या जागा एकेक करून उघडत होत्या आणि आतून माणसं बाहेर येत होती, दमलेली, उपाशी, पडलेली, पुन्हा उठलेली. पिक्चर मी इतक्या वेळा पाहिला होता आणि अर्धाही पाहिला नव्हता.

तेरावी चूक मी चाचरत वाचली. बाईंनी रागावलेलं राहायचं, तरी त्या शेंगदाणे देताना हसतात.

दादांनी बायकोकडे पाहिलं. "ते लिवलेलं न्हवतंच. सकाळधरनं म्या काय खाल्लं न्हवतं, त्या बाईला कळलं. तिनं आपलं दिलं. त्या क्यामेऱ्यावाल्या सायबानं मशिन चालूच ठिवलं."

"बरं केलं," बायको म्हणाली. "उपाशी ऱ्हायलात ते तरी मला सांगायचं."

मी वही मिटणार होतो. दादा म्हणाले, "चौदा म्हनला हुता. तेराच झाल्या."

"चौदावी," मी म्हणालो, "गाडीत बसल्यावर हिरो डावखुरा होतो."

ते आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, जॉब बघावा तसा.

"त्या पिक्चरमधी पैल्यांदा समद्यांची नावं येत्यात नव्हं?" ते म्हणाले. "गाडी कुनाची, बैलं कुनाची, कायबी न्हाई. म्या डोळं फाडून बगितलं मागल्या गुरुवारी."

"नाही," मी म्हणालो. "तिथे नाही."

"मग हितं लिवा. त्या चौदाव्या चुकीम्होरं माजं नाव लिवा. नीट लिवा, बापाचं बी घाला."

खिशात लाल पेन्सिल तेवढी होती. मी ती परत ठेवली. त्यांच्या बायकोने आतून मुलांची शाई-पेन आणून दिलं. मी वही गुडघ्यावर घेतली आणि त्यांचं, त्यांच्या वडिलांचं आणि गावाचं नाव पूर्ण लिहिलं. खाली, डेव्हिएशनच्या कागदावर करतात तशी, माझी सही केली. दादांनी अक्षरांवर बोट न टेकवता, वरून फिरवत, शाई वाळेपर्यंत ते पाहिलं. मग डाव्या मनगटाने टोपी वर सारली आणि म्हणाले, "आता पैल्या डब्यापासनं समदा पिक्चर सांगा. काय बी गाळायचं न्हाई."